वेणूबाईंच्या अख्ख्या मसुराची यादी

ॲपवर खानावळीला चार पूर्णांक तीन तारे.

स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं झाकण घट्ट बसत नाही. वर हात दाबून धरावा लागतो.

'आपल्या अभिप्रायाबद्दल मनापासून आभार. पुन्हा सेवेची संधी द्या.'

कोपरखैरण्यात आठव्या मजल्यावर, शाळेतून आलेला एक मुलगा दप्तर न काढताच दार उघडतो.

सुनेच्या लग्नाला आठ महिने.

हे सगळं एकाच दुपारचं आहे.

घणसोली गावातली ही खानावळ वेणूबाईंची. त्यांची सून तेजश्री अलिबागकडची, पण सासूला साताऱ्याच्या रीतीनं आत्या म्हणते. आत्या आत शेगडीपुढे, तेजश्री बाहेर फोनपुढे. डबे मागवायच्या ॲपवरून गिऱ्हाइकांचे प्रश्न आणि तक्रारी फोनवर येतात. त्यांची उत्तरं एआय असिस्टंट लिहून ठेवतो. तेजश्रीनं वाचून 'पाठवा' दाबल्याशिवाय एकही जात नाही. हा नियम तिच्या नवऱ्याचा, उदयसिंहचा. माणसाची नजर फिरलीच पाहिजे, असं सांगून तो कंपनीत निघून जातो.

सुरुवातीला ती एकेक ओळ आत्यांना वाचून दाखवायची. "तुझा बिनपगारी कारकून आज काय म्हंतोय?" आत्या विचारायच्या. तीन महिने कारकुनाचं काही चुकलं नाही. वाचून दाखवणं आपोआप बंद पडलं.

१२:४१

'अख्खा मसूरमध्ये शेंगदाणा असतो का? मुलाला अजिबात चालत नाही. मागच्या वेळी आयसीयूत ठेवावं लागलं. – ईश्वरी'

असिस्टंटचं उत्तर तयार होतं. 'नमस्कार ईश्वरीताई. आमच्या अख्ख्या मसुरात शेंगदाणा नसतो. निश्चिंत राहा.'

खाली बारीक राखाडी ओळ, फक्त तेजश्रीला दिसणारी: जिन्नसांच्या यादीत उल्लेख नाही. स्वयंपाकघरात विचारून खात्री करा.

स्वयंपाकघर दहा पावलांवर. मध्ये एक्झॉस्टचा आवाज, दारात तीन डबेवाले खोळंबलेले. आणि यादी तिनंच तर केली होती, आत्यांना विचारून. मसूर, कांदा, लसूण, चटणी, तेल. तिच्या माहेरी वाटण नारळाचं. शेंगदाणा म्हणजे पोह्यातला, दाताखाली येणारा. मसुरात तिला तो कधी दिसला नव्हता.

पाठवा.

१२:४६

अख्खा मसूर एक. चपात्या चार. नाव ईश्वरी.

१:२३

आत्या पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. कूट संपला, म्हणाल्या, संध्याकाळसाठी दाणे आणायला हवेत.

"कूट कशात घालता, आत्या?"

"कशात न्हाई घालत? मसुराला दाटपणा कशानं येतो मग?"

"यादी केली तेव्हा बोलला नाहीत."

"मीठ तरी कुठं बोलले हुते?"

तेजश्रीनं ईश्वरीला फोन लावला. डबा पोचला की गिऱ्हाइकाचा नंबर बंद होतो. ॲपनं तेच सांगितलं. तिनं लिहिलं, 'ताई, मुलाला देऊ नका, दाण्याचा कूट आहे.' संदेश गेला. वाचल्याची खूण आली नाही.

डबा नेणाऱ्या गोटीरामचा नंबर होता. तो तुर्भ्याला पोचला होता.

"पोरानंच घेतला डबा, ताई. दप्तर पाठीवरच होतं त्याच्या. आई फोनवर बोलत होती आत."

"किती वेळ झाला?"

"झाली की पंधराएक मिनिटं."

मागे फीर, दार वाजव, ती म्हणाली. वळतो, तो म्हणाला. पुलाखाली ट्रकांची रांग लागलीय, असंही म्हणाला.

आत्यांनी काय झालं ते विचारलं. तेजश्रीनं सांगितलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि हात पदराला पुसत राहिल्या.

१:३१

फोन वाजला. डबा पोचून वीस मिनिटं झाली की असिस्टंट स्वतःहून विचारपूस लिहून ठेवतो.

'नमस्कार ईश्वरीताई. जेवण कसं झालं? मुलाला आवडलं का?'

खाली राखाडी ओळ: तपासून पाठवा.

गोटीराम फोन उचलत नव्हता.

त्या दिवशी सकाळी सातला वेणूबाईंनी दोन किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजले होते.