लिंकनच्या पायऱ्यांवरच्या चपला

आमच्याकडे दर्शनाला गेलं की चपलांपाशी कोणाला तरी बसावं लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. माहेरी मी, सासरीही मीच. त्या रविवारी मात्र आम्ही देवळात नाही, वॉशिंग्टनला स्मारकं बघायला चाललो होतो, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आम्ही राहतो त्या एडिसनहून पहाटे निघालो. मी, नवरा सिद्धेश, मुलगी इला आणि नागपूरहून आलेल्या सिद्धेशच्या शरयूमावशी. मला त्या शहरात एकच गोष्ट हवी होती. विमानांच्या म्युझियममध्ये चंद्रावरून आणलेल्या दगडाचा तुकडा आहे आणि त्याला हात लावता येतो. शाळेत असल्यापासून मला चंद्राला हात लावायचा होता. पाहुण्यांना घेऊन मी कितीदा तरी वॉशिंग्टनला आले, पण दर वेळी कोणाचे तरी गुडघे दुखले, कोणाला तरी भूक लागली आणि म्युझियम राहिलं. या वेळी दुपारचे पास सिद्धेशच्या फोनवर आधीच काढून मी सगळ्यांना दम देऊन ठेवला होता.

लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांशी मावशी थांबल्या. वर मोठाले खांब, आत गाभाऱ्यासारख्या सावलीत बसलेला भव्य पुतळा, हळू आवाजात बोलत आत जाणारी माणसं. मावशींनी चपला काढल्या.

"मावशी, इथे काढत नाहीत," मी म्हटलं.

"एवढा मोठा माणूस. त्याच्यापुढे चपला घालून कसं जायचं?"

सिद्धेशने मुकाट्याने बूट काढले. इलाही "ओके, व्हॉटेव्हर" म्हणत स्नीकर्समधून मोकळी झाली.

"तू बस गं नेत्रा," मावशी म्हणाल्या. "आम्ही पटकन दर्शन घेऊन येतो."

आणि मी बसले. का बसले ते विचारू नका. सवयीने गुडघे आपोआप वाकतात.

थोड्या वेळाने ओहायोचं एक म्हातारं जोडपं आलं. त्यांनी माझ्यापुढचे जोड पाहिले, एकमेकांकडे पाहिलं आणि आपले बूट काढून शेजारी नीट लावून ठेवले. मोजे चालतील का, असं आजोबांनी विचारलं. मी चालतील म्हटलं. मग एक शाळेची सहल आली. तिच्यामागे रांगच लागली. लोक टोकन मागायला लागले. माझ्याकडे भाकरवडीचं पाकीट होतं. एक भाकरवडी मोडायची, अर्धी बुटाशेजारी ठेवायची, अर्धी मालकाच्या हातात द्यायची आणि तुकडे जुळले की बूट परत, अशी मी शिस्त लावली. पण लोकांनी टोकनं खाल्ली आणि परत येऊन दुसरी मागितली.

मग स्मारकाची देखरेख करणारा गणवेशातला रेंजर आला. आता हा हाकलेल आणि मी सुटेन म्हणून मला हायसं वाटलं.

"तुम्ही हे नेहमी करता का?" त्याने विचारलं.

"लहानपणापासून," मी खरं ते सांगितलं.

त्याने आदराने मान डोलावली, स्वतःचे बूट माझ्याकडे दिले आणि तोही वर गेला.

पासांची वेळ झाली तरी आमची मंडळी येईनात, म्हणून मी सिद्धेशला फोन लावला.

"अगं, आम्ही म्युझियममध्ये आहोत," तो म्हणाला. "मावशींना ऊन लागत होतं, मग दुसऱ्या बाजूने उतरून कॅब केली. पास वेस्ट गेले असते ना यार."

"अनवाणी गेलात?"

"चपलांचं काय टेन्शन, तू आहेस ना."

मला रडू आलं. उठून तडक निघून जावंसं वाटत होतं, पण ओहायोचे आजोबा अजून वर होते. त्यांना मोज्यांवर सोडून कशी जाऊ?

आमची मंडळी परतली तेव्हा म्युझियम बंद झालं होतं. मावशींनी उजवा हात पदरात गुंडाळून छातीशी धरला होता.

"हा हात मी कशालाच लावला नाही," त्या म्हणाल्या. "याच हाताने चंद्राला शिवले. घे." आणि त्यांनी तो माझ्या कपाळाकडे आणला.

मी मागे सरकले. "नको, मावशी. मला माझ्या हाताने लावायचा होता. आजवर सगळी दर्शनं मला अशी दुसऱ्याच्या हातूनच मिळालीत. मी आज इथे हॉटेलात राहणार आणि उद्या एकटी जाणार."

"उद्या मंडे आहे," सिद्धेश म्हणाला. "माझी मीटिंग आहे."

"मग तू जा."

मावशींचा हात खाली आला. त्या पदर सावरत माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी बुटांच्या रांगांवरून नजर फिरवली.

"मीही राहते," त्या म्हणाल्या. "उद्या तू आत जा. तुझ्या चपला मी सांभाळते."

"म्युझियममध्ये चपला काढत नाहीत, मावशी."

"तरी काढ," त्या म्हणाल्या. "मी आजवर कोणासाठी बाहेर बसलेच नाही."