खमिराच्या डब्यातली म्हातारी

मित्रांनो, मी खमिरातली एक जुनी यीस्ट पेशी आहे. डोळ्यांना दिसणार नाही एवढी बारीक, पण अंगभर व्रण. माझी एकेक लेक कोंबासारखी माझ्याच अंगातून फुटली आणि सुटी झाली, की मागे एक व्रण राहिला. आमच्यात म्हातारपण व्रणांवरून कळतं.

सोलापुरात बुधवार पेठेत रत्नदीपची पावाची भट्टी होती, घराच्याच पुढच्या खोलीत. रोजच्या पिठातला एक गोळा तो डब्यात राखून ठेवी. तेच खमीर, तेच आमचं घर. दुसऱ्या दिवशी मैदा-पाणी मिळालं की आम्ही खायचो, पीठ फुगायचं, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, पाव असावा तर रत्नदीपचा! राबायचो आम्ही, नाव व्हायचं त्याचं. चालायचंच.

एका सकाळी पाव पोचवायला गेलेला रत्नदीप हायवेवरच्या अपघातात गेला. भट्टी विझली. डब्याची कुणाला आठवण राहिली नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गावी, वळसंगला परतले. घरात त्याची आई मनकर्णाबाई आणि बायको चैताली, अशा दोघीच उरल्या. दोघी रडतही नव्हत्या. भिंतीकडे बघत बसायच्या.

डब्यात साखर संपली, आंबटपणा वाढला. आता आमची एक रीत सांगते. आमच्या प्रत्येकीच्या आत एक कात्री असते म्हणा ना. उपासमार झाली की थकलेल्या, जखमी पेशी ती उघडतात आणि आपले आतले डीएनएचे धागे आपणच कापतात. अंग विरघळतं आणि त्यातलं कामाचं ते तरुण पेशींच्या मुखी लागतं. हे शहाणपण की नुसती सवय, यावर तुमचे शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडोत बापडे! पण खाणं मिळत असेल, तर कात्री मिटलेली राहते. भरल्या डब्यात आमच्यातली कुणी असं मरायला बसत नाही.

शेजारच्या शिवबाई रोज भाकरी-आमटी आणून देत. चैतालीनं विचारलं की मनकर्णाबाई म्हणायच्या, "मी जेवले की. तू जेव." आणि आपली भाकरी पदराआडून आणून आमच्या डब्यामागं सारायच्या. हळूच पुटपुटायच्या, "जायाचं म्या हुतं. गेलं माझं लेकरू."

मला कळलं, ही बाई चुकलेला क्रम सुधारायला निघाली आहे. म्हातारीनं आधी जावं, हा नियम आमचाही. पण तिच्या उपाशी मरण्यानं कुणाचं पोट भरणार होतं? चैतालीच्या वाट्याला आणखी एक मरण आलं असतं, एवढंच. हे ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

शेवटी आंबट वासाला कंटाळून चैतालीनं डबा मोरीत ओतायला उचलला. मागं वाळक्या भाकऱ्यांची चळत होती. त्यातली एक उचलून ती सासूपुढं गेली.

"आत्या, ह्या भाकरी कुणाच्या?"

सासूबाईंनी मान खाली घालून पदर सारखा केला.

"तुमी पण चालला व्हय? मग मी कुणाकडं बघू?"

मनकर्णाबाईंनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. मग तिच्या हातातला डबा घेऊन त्यांनी वास घेतला.

"टाकू नगं. जित्तं हाय अजून. वरचं पाणी काड, निम्मं टाकून दे, निम्म्यात मैदा घाल."

"मला कुटं येतंय? तुमीच शिकवा. पण आदी जेवा."

मैदा पडला. तरुण पेशी त्याच्यावर तुटून पडल्या. माझी कात्री मात्र आधीच उघडली होती, आणि उघडलेली कात्री पुन्हा मिटत नाही. वाईट वाटलं का, विचाराल. फारसं नाही. माझी वेळ झाली होती, आणि माझ्या अंगाचा काहीतरी उपयोग होणार होता.

जाता जाता पाहिलं. चैताली ताट वाढून सासूपुढं मांडी घालून बसली होती. मनकर्णाबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "आमटीत मीठ न्हाय गं." तेवढ्यावरून चैताली हमसून हमसून रडायला लागली. मग त्याही.

मित्रांनो, आमच्या मरणाला नियम आहे, म्हणून ते आम्हाला शोभतं. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस "मी जेवले की" म्हणालं, तर एवढ्यावर उठू नका. ताट वाढा आणि समोर बसा.