सोडायची राहिलेली गाठ

मिक्काच्या आईला पहाटे कळा सुरू झाल्या आणि ऊन अंगणात आलं तरी बाळ काही येईना. मिरो आजी सुईण. आसपासची निम्मी माणसं तिच्याच हातांत जन्मली होती, त्यामुळे ती कुणालाही वाटेल ते बोलायची आणि कुणी उलट बोलायचं नाही. ती खोलीतून बाहेर आली आणि मिक्काच्या बाबांसमोर उभी राहिली.

"थ्रासोना, घरातल्या सगळ्या गाठी सोडल्यास का?"

"सोडल्या की."

"मग भिंतीवर ते काय लटकलंय?"

थ्रासोन सशांची शिकार करायचा. भिंतीवर त्याची जाळी होती, आणि जाळी म्हणजे गाठीच गाठी. बाळंतिणीच्या घरात एकही गाठ राहिली तर आर्तेमिसदेवी आत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. शिकार तिची, रानातली जनावरं तिची, आणि अडलेल्या बाईला सोडवणं हेही तिचंच काम.

"या गाठी सोडत बसलो तर पोर लग्नाला येईल, आजी."

"मग उचल आणि शेजारी नेऊन टाक. तोंड चालवू नकोस."

थ्रासोन जाळ्यांचं ओझं घेऊन निमूट गेला. बाकी सगळं आधीच मोकळं झालं होतं. बुधल्यांची तोंडं सुटली होती, वहाणांचे बंद सुटले होते, शेळीचं दावं सुटलं होतं. कुत्र्यांचे पट्टेसुद्धा काढले होते, आणि ही कसली सुट्टी मिळाली ते न कळून कुत्री अंगणात नुसतीच फिरत होती. मिक्कानं स्वतःची वेणी सोडली. मागच्या खोलीत मागावरचे सुटे धागे लोंबत होते, तेही पाहून आली. आज ती कुणीही सांगेल ते काम करत होती, कारण एक गाठ तिनं कुणाला सांगितली नव्हती.

शेळीच्या गोठ्यामागे तडा गेलेला एक मोठा रांजण आडवा पडला होता. त्यात सशाचं पिल्लू होतं आणि त्याच्या मागच्या पायाला मिक्कानं दोरी बांधली होती.

काही दिवसांपूर्वी ती बाबांबरोबर डोंगरावर गेली होती. ओर्मे ही त्यांची सगळ्यात हुशार कुत्री. ती एका झुडपापाशी थबकली. झुडपाखाली पिल्लू इतकं गप्प बसलं होतं की मिक्काला आधी ते मातीचं ढेकूळच वाटलं. बाबांनी ओर्मेला मागं ओढलं. "लहान आहे. देवीचं आहे," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. लहान ससे आर्तेमिसचे असतात, त्यांना कुणी शिकारी हात लावत नाही. मिक्कानं मात्र लावला. बाबांची पाठ वळताच तिनं पिल्लू उचलून कपड्यात लपवलं. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. त्याचं नाव तिनं ढेकळ्या ठेवलं, चिंधी भिजवून त्याला शेळीचं दूध पाजलं, आणि पळून जाईल या भीतीनं त्याला बांधून ठेवलं.

आतून आईचा आवाज आला. सकाळी ती ओरडत होती. आता नुसती कण्हत होती. बाबांच्या माराची तिला भीती नव्हती. आई गेली तर ती आपल्यामुळे जाईल, ही होती.

ती रांजणाकडे धावली. पण गाठ घट्ट झाली होती, नखं लागेनात. त्यात ओर्मे वास काढत मागं आली आणि तिच्यामागून बाकीची कुत्रीही आली. इथं ढेकळ्याला सोडायचं म्हणजे कुत्र्यांना वाढण्यासारखंच होतं. मिक्कानं दोरी खुंटीवरून काढली, पिल्लू दोरीसकट पोटाशी धरलं आणि डोंगराची वाट धरली.

माथ्यावर ओकचं एक जुनं झाड होतं. शिकाऱ्यांनी देवीला वाहिलेली शिंगं त्यावर टांगलेली असत. त्याच्या खालच्या उतारावर एक उंच मुलगी गुडघ्यांवर रांगत झुडपाझुडपांखाली हात घालून पाहत होती. कपडा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायांत शिकारी बूट, पाठीवर भाता, ढोपरं खरचटलेली. जवळच एक हरणी चरत होती, आणि माणसाला पाहूनही ती पळाली नाही. कुण्या शिकाऱ्याची मुलगी असेल, असं मिक्काला वाटलं.

"एक पिल्लू पाहिलंस का गं?" मुलगी मान वर न करता म्हणाली. "तीन होती. दोन सापडली. तिसऱ्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे."

मिक्कानं पिल्लू पटकन कपड्यात लपवलं.

"कधीपासून शोधतेय," मुलगी वैतागून म्हणाली. "खाली गावात एक बाई अडलीये. एव्हाना मी तिथं असायला हवी होते."

"मग जा ना!"

"हे सापडल्याशिवाय कशी जाऊ? तू गेली असतीस?"

"एकच तर आहे."

मुलीनं आता मान वर केली. तिचे डोळे पाहून मिक्काला कळलं, ही कुणा शिकाऱ्याची मुलगी नाही.

"तुझी आईही एकच आहे," ती म्हणाली. "एकाला टाकून पुढे जायला शिकले, तर तिलाही टाकून जाईन."

मिक्कानं पिल्लू बाहेर काढलं. रडू आवरत नव्हतं, पण खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "मी चोरलं. माझ्याकडेच होतं."

देवी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोरीकडे पाहिलं.

"गाठ तू मारलीस. तूच सोड."

मिक्कानं गाठ दातांनी ओढली. दोरीला शेळीचा वास येत होता. बऱ्याच वेळानं ती सुटली. दोरीखालचे केस झडले होते आणि लाल वळ उठला होता. मिक्कानं इतके दिवस रोज दूध पाजलं होतं, पण दोरीखाली एकदाही पाहिलं नव्हतं.

ढेकळ्याला तिनं जमिनीवर ठेवलं. तो पळाला नाही. तिथंच बसून राहिला.

"पळ ना," मिक्का म्हणाली.

"दूध पिऊन पिऊन सुस्त झालाय. शिवाय माणसांना घाबरायचं विसरलाय," देवी म्हणाली.

"मग त्याचं कसं होईल?"

"शिकेल. नाहीतर नाही शिकणार." तिनं धनुष्य उचललं. "तू केलंस ते हे आहे. नीट पाहून घे." मग ती उतारानं निघाली. ती चालत होती आणि मिक्का धावत होती, तरी पहिल्या वळणावरच ती दिसेनाशी झाली.

मिक्का घरी पोचली तेव्हा दारावर लोकरीचा गुंडा टांगला होता. मुलगी झाली की टांगतात तसा.

"कुठं उंडारत होतीस?" मिरो आजी म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. "बहीण झालीये. आई झोपलीये, बरी आहे. मी तर आशाच सोडली होती बघ. एक कोण उंच पोरगी दारात येऊन पाणी मागायला लागली, आणि मी भांडं घेऊन वळतेय तोवर बाळ हातात! पाणी न पिताच गेली मेली."

मिक्का आत गेली. आईच्या पायांना हात लावून पाहिला. ते गरम होते.

दुसऱ्या दिवशी थ्रासोन डोंगरावरून परत आला तो कुरकुरतच. "ओर्मेच्या नाकासमोर ससा बसला होता. गुबगुबीत. पण हलायचं नाव नाही."

मिक्का पुढे सरकली. "मग?"

"मग काय? लहान होता. देवीचा. ओर्मेला मागं ओढलं आणि आरडाओरडा केला, तेव्हा कुठं उठून पळाला. लंगडत पळाला." तो वाकून कुत्र्याचा पट्टा बांधू लागला. "पायाला दोरीचा वळ होता त्याच्या."

मिक्का जमिनीकडे पाहत राहिली. बाबांनी गोठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आजपासून शेळीचं दूध आईला," एवढंच ते म्हणाले.

आत मिरो आजी बाळाला पट्ट्यांत गुंडाळत होती. बाळंतपण झालं, आता गाठी चालत होत्या. "ये गं, शेवटची गाठ तू मार," ती म्हणाली, "बहीण आहेस ना."

मिक्कानं गाठ मारली. मग पट्टीखाली बोट घालून पाहिलं. बोट अडकलं. तिनं गाठ सोडली आणि सैल करून पुन्हा मारली.