वाड्याचा उघडा सर्व्हर

"सर, आमच्या मेंढ्या आज कुठं बसल्यात, ते परक्या माणसाला कळंल का?"

भर वर्गात हे विचारायची पैज तिच्या मैत्रिणीनं, आरतीनं लावली होती, आणि दिशा पैजेला कधी मागं सरली नव्हती. घोडेगावात आत्याकडं राहून तिनं आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर उभा केला होता. आईबाप मेंढ्यांचा वाडा, म्हणजे फिरता मुक्काम, घेऊन रानोमाळ. तशी एकूण आठ घरं. रोज संध्याकाळी ज्यानं त्यानं मोबाइलवरून आपला मुक्काम टाकायचा, म्हणजे दोन कळप एकाच रानात भिडत नसत. हल्ली दिशाची मान जरा ताठच असे.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या गोकुळ सरांनी विचारलं, "कनेक्शन कुठल्या इंटरनेट-पत्त्यावरून घेतेस?"

"कुठूनही, सर. मोबाइलचा पत्ता सारखा बदलतो, तर सगळ्यांनाच मोकळं ठेवलंय."

"आणि पासवर्ड?"

"आमच्या वाड्यावर आलेल्याला आधी भाकरी देत्यात सर, नाव मागनं इचारत्यात."

वर्ग खो खो हसला. सरांनी मात्र सर्व्हरचा पत्ता मागून घेतला, स्वतःच्या मोबाइलवर टाकला आणि वाचलं, "हनुमंत. डिंभे धरणाच्या वरचं पडीक रान. मेंढ्या दीडशे, माणसं दोन."

हसू थांबलं. हनुमंत म्हणजे दिशाचा बाप.

शाळा सुटताच ती आत्याकडं पळाली. कोण कोण जोडलं गेलं याची नोंद सर्व्हरवर राहते. ती तिनं कधी उघडलीच नव्हती. घरची माणसं संध्याकाळी येऊन जात. इथं तर पहाटेपर्यंत कुणीतरी ये-जा करत होतं. सर म्हणाले होते, काही यंत्रं इंटरनेटवर आपोआप जगभर उघडी दारं चाचपत फिरतात, त्यातलं एखादं असेल. असेलही. पण गेल्याच आठवड्यात आठ घरांतल्या भिकाकाकाची दोन कोकरं गेली होती, आणि माग न काढताच सगळ्यांनी ती बिबट्याच्या नावावर टाकली होती.

तिनं सेटिंगमधलं 'सगळे पत्ते' खोडलं, 'फक्त हेच मशीन' केलं आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. थोड्याच वेळात फोन वाजला.

"दिशे, मोबाइलवर कायच दिसंना गं," बाप म्हणाला. "तुझी आई म्हणती, पोरीनं मोडून ठेवलं का काय."

"आई हाय ना जवळ? स्पीकरवर टाका. मोडलं नाय, मीच बंद केलंय. तुमी कुठं हाय ते कुणालाबी दिसत व्हतं."

"दिसू दे की," आई हिराबाई म्हणाली. "आपुन काय लपून ऱ्हातो व्हय?"

"आपुन नाय गं आई, चोर लपून ऱ्हातो." दिशानं सगळ्या घरांच्या नंबरांची वही पुढं ओढली. "आबा, उजेड हाय तवर तिथनं हला. आणि ऐका, मी ठरवलंय. बाकीच्या घरांना आत्ता मीच फोन करणार, चूक माझी हाय म्हणून सांगणार. आणि प्रत्येकाचा पासवर्ड व्हईस्तोवर सर्व्हर उघडणार न्हाई, मग तुमी कितीबी रागवा."