बंडूजींच्या डोक्यामागचा उजेड

आमच्या फ्लेक्सच्या दुकानात दोनच प्रकारचे चेहरे येतात, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. वाढदिवसवाल्याला गॉगल आणि खाली मित्रमंडळींची मुंडकी. श्रद्धांजलीवाल्याच्या मागे निळे ढग, डोक्याभोवती पांढरा उजेड आणि छातीखाली फोटो हळूहळू विरत गेलेला. माझा नवरा आदेश ही दोन्ही कामं डोळे मिटून करतो. पुलगावात त्याच्यासारखा सफाईदार हात कोणाचा नाही, हे मी आमचं भांडण चालू असतानाही म्हणेन.

पण त्याला ध्यास होता गाण्यांच्या अल्बमच्या कव्हरांचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघून त्याचा सराव चालायचा. फोटोतले केस न कापता मागचा भाग कसा काढायचा, दोन फोटो एकमेकांत कसे मुरवायचे, सावली कुठे टाकायची. हा सगळा सराव माझ्या फोटोंवर. एकदा तर मी चक्क बर्फात उभी होते. मला बोर धरणाच्या पुढे कधी न नेलेला माणूस!

अशात आंजीचे बंडूजी दुकानात आले. भजनी मंडळात त्यांचा जन्म गेलेला. वर्ध्याच्या एका स्टुडिओत त्यांनी भजनं रेकॉर्ड करून घेतली होती, ती यूट्यूबवर टाकायची होती. कव्हर कसंही चालेल म्हणाले, फक्त त्यावर एक ओळ हवी, ‘ही भजनं हेमराजच्या पेटीवर बसवली.’

हेमराज हिंगणीचे. तरुणपणापासून बंडूजींचा गळा आणि हेमराजची पेटी अशी जोडी होती. मग एका स्पर्धेत, भरल्या मांडवात, बंडूजींनी मधेच भजन थांबवलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, “सूर धरता येत नसन तं ऊठ.” हेमराज उठले ते कायमचे. नंतर बंडूजी हिंगणीला जाऊन आले, पण हेमराज भेटलेच नाहीत.

“तोंडानं सांगणं जमलं नाई मले,” बंडूजी आदेशला म्हणाले. “पण गाणं मोबाईलवर गेलं का हेमा ओळ वाचल्याशिवाय राह्यत नाई. तेवढ्यासाठीच हा सारा खटाटोप हाय बापू.”

आदेशने जीव ओतून कव्हर केलं. हात जोडलेले बंडूजी, पांढरी टोपी, मागे आभाळ, चेहऱ्यावर मंद प्रकाश. खाली बारीक नाजूक अक्षरात ती ओळ. मला दाखवलं तेव्हा मी म्हणाले, “मस्त हाय. पण असं काहीतरी पाह्यलं हाय मी कुठंतरी.”

“तुले सारंच पाह्यल्यासारखं वाटते,” तो फुगला. मीही पुढे बोलले नाही.

संध्याकाळी त्याने ते स्टेटसला ठेवलं, चार ग्रुपवर टाकलं. वर एक अक्षर लिहिलं नाही. म्हणे, कव्हरच बोललं पाहिजे. गाणी सकाळी यायची होती.

कव्हर बोललं. सकाळी आदेशचा मोबाईल ‘ॐ शांती’ने भरून गेला होता. ‘देवमाणूस गेला.’ ‘केव्हा झालं?’ ‘माती किती वाजता?’ आदेशने कव्हर पुन्हा उघडलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. ढग, उजेड, छातीखाली विरत गेलेला फोटो. नवीन काही करायला बसलेल्या हातांनी जुनंच केलं होतं. बंडूजींचा फोन लागेना. आम्ही तसेच गाडीवर आंजीला निघालो.

अंगणात माणसं जमली होती. बंडूजींची सून रूपाली एकेकाला हात जोडून सांगत होती, “अहो, बरे हायेत ते, आंघोळ करून राह्यले!” आदेश माफी मागत फिरत होता. एवढ्यात फाटकासमोर ऑटो थांबला आणि एक वाकलेले म्हातारे उतरले. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी फाटकाचा खांब धरला आणि हंबरडा फोडला.

“बंड्या, माफ केलं रे तुले! कवाच करायले पाह्यजे होतं. म्याच ताणून धरलं!”

हेमराजच होते ते. आवाज ऐकून बंडूजी ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळूनच न्हाणीतून धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो.

“हेमा, आलास तू?”

हेमराज आधी घाबरले. मग त्यांचं तोंड लाल झालं. “मले बोलवाले हे नाटक केलं? साऱ्या गावासमोर रडवलं मले? पुन्हा?”

“चूक माही हाय काका,” आदेश मोबाईल घेऊन पुढे झाला. “हे पाहा, इथं तुमचं नाव हाय. एकदा वाचा तं खरं!”

हेमराजनी न बघताच त्याचा हात बाजूला सारला. “मेल्याले माफ केलं म्या,” ते बंडूजींना म्हणाले. “जित्याले नाई.”

आणि त्याच ऑटोत बसून गेले.

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला, आदेशचा त्याहून जास्त आणि तोंडाशी आलेलं बोलून न टाकल्याबद्दल माझा स्वतःचा. एका माणसाने इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलेलं आमच्या हाती दिलं होतं. ते आम्ही ढगात घालवलं.

गर्दी पांगली. आदेश ओट्यावर बसून रडवेल्या आवाजात म्हणाला, “आत्ताच नवीन करून देतो बंडूजी. हे सारं पुसून टाकतो.”

बंडूजींनी त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि कव्हरवरच्या स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

“राहू दे बापू,” ते म्हणाले. “यातल्याले तरी त्यानं माफ केलं.”