आक्काच्या हातचं वाळलेलं मटण

"वन्सं रिक्षात बसल्या म्हणं," मोबाईल खाली ठेवत दुर्गा म्हणाली. "आता तरी सांगून टाका की."

"काय सांगू? किडन्या गेल्या म्हणून?" धोंडीराम दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "आक्काला कळलं तर आजच दवाखान्यात जाऊन आडवी पडंल. माजी काडून ह्याला बसवा म्हणंल. पासष्ट वर्साची बाई!"

तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केलेल्या या माणसाला आठ महिन्यांपासून कडक पथ्य होतं. लोणचं, पापड बंद. वाळलेल्या मटणावर तर डॉक्टरांनी लाल पेनानं दोनदा फुली मारली होती. आणि थोरली बहीण बजाआक्का दरवर्षी मीठ-हळद लावून उन्हात वाळवलेलं मटण घेऊन करकंबहून यायची. भावानं पहिला तुकडा समोर बसून खाल्ल्याशिवाय ती पाण्याच्या थेंबालाही शिवत नसे. म्हणजे खाल्लं नाही तर बिंग फुटणार, आणि खाल्लं तर अंगाला सूज.

"एकच तुकडा खातो. एकानं काय हुतंय?"

"मागल्या महिन्यात बी एकच पापड हुता. दोन दिस दवाखान्यात काडलं," दुर्गा म्हणाली. तिला नवऱ्याचा मनस्वी राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

आक्का आली. बसली. उसाचं झालं, शेजाऱ्यांचं झालं, डबा काही बाहेर निघेना. धोंडीरामची चुळबुळ सुरू झाली. लपवायचं तर नेहमीसारखं वागायला हवं.

"आक्का, डबा कुटाय?"

"ऱ्हाऊ दे," म्हणत तिनं पिशवी खाटेखाली सरकवली.

त्यानं ती ओढलीच. झाकण उघडलं आणि घरभर कुबट वास सुटला. तुकडे मऊ, चिकट झाले होते. आक्काच्या हातचा एक तुकडा आजवर कधी नासला नव्हता.

"बिनमिठाचं केलंय," ती खाली बघत म्हणाली. "तुज्या लेकीनं, रेश्मानं फोनवर समदं सांगितलं, डाक्टरनं मीठ तोडलंय म्हणून. नुसत्या हळदीवर वाळवाय बघितलं. मदी दोन दिस आभाळ आलं. न्हाय टिकलं. पर मोकळ्या हातानं कसं यावं?"

दुर्गानं पदर डोळ्यांना लावला. मग तांब्या भरून पुढं केला. आक्कानं तो बाजूला सारला.

"नको. रक्त तपासाय उपाशी लागतंय म्हणं. सकाळपास्नं काय खाल्लं न्हाय." तिनं पिशवीतून आधार कार्ड काढून मुठीत धरलं. "चल, धोंडी. दवाखाना उगडा असंल न्हवं?"

धोंडीरामनं झाकण घट्ट लावलं. डबा मात्र मांडीवरून खाली ठेवला नाही.