चौथी यादी

सैन्याच्या डिव्हिजनचा इतिहास टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या गावात भराभर टाइप करणारी आणि तोंड बंद ठेवणारी बाई मी एकटीच, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्यातलं दुसरं साफ खोटं आहे. मी भरपूर बोलते, मशीनच्या खडखडाटात कुणाला ऐकू जात नाही एवढंच.

साल सत्तावन्न. लढाई संपून बारा वर्षं झाली होती आणि जर्मनीत जिकडे तिकडे जुन्या सैनिकांना आपापल्या डिव्हिजनचं पुस्तक काढायची हौस आली होती. शेजारच्या जिल्ह्यातल्यांनी काढलं, नकाशांसकट, मग आमचे कसे मागे राहणार? महिन्याच्या पहिल्या शनिवारी खानावळीत बैठक भरायची. बटाट्याचं सॅलड, बिअर, आणि नदी कोणत्या तारखेला ओलांडली यावरून भांडण. रशियन बायकांची घरं कोणत्या तारखेला जाळली यावरून मात्र कधी भांडण झालं नाही, कारण तो विषयच निघायचा नाही. उरलेला इतिहास मेजर ब्र्युकमान यांच्याकडे जायचा आणि तिथून माझ्याकडे.

मेजरसाहेब आता बियाण्यांचं दुकान चालवत, पण 'मेजरसाहेब' सुटलं नव्हतं. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. दर वेळी कागदांबरोबर घरच्या सफरचंदांची पिशवी आणायचे. "एलिंगरबाई, डोळ्यांना जपा," म्हणायचे.

मी एलिंगर लग्नानंतर झाले. माहेरची श्ट्रोब्ल. माझा धाकटा भाऊ वेंडेलिन श्ट्रोब्ल याच डिव्हिजनमध्ये होता आणि चव्वेचाळीसच्या जुलैपासून बेपत्ता होता. हे मी मेजरसाहेबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी कागद गाळून, निवडून दिले असते, एवढी अक्कल मला होती. या हजार पानांत कुठेतरी वेंडेलिनचं नाव सापडेल, याच आशेवर मी ते काम धरलं होतं.

आशा माझी कमी, आईची जास्त. आई आमच्याकडेच राहायची. त्याला मृत घोषित करायचा कोर्टाचा फॉर्म तीन वर्षं कपाटात पडून होता, ती सही करत नव्हती.

"मेला असता तर कळवलं असतं," ती म्हणायची. "आपलं सैन्य आहे, पोरी. खेचर मेलं तरी कागद निघायचा."

"आई, सगळी डिव्हिजनच मोडली तिथे. कागद कोण काढणार?"

"कुणीतरी काढतंच. तू ओळखत नाहीस का आपल्या माणसांना?"

तिचं बरोबर होतं. मला वाटलं त्याहून जास्त बरोबर होतं.

नोव्हेंबरात मेजरसाहेबांनी जुलैच्या माघारीची फाइल दिली. कुठला कागद टाइप करायचा आणि कुठला नाही, हे ते पेन्सिलीने खूण करून द्यायचे. पण त्यांनी सगळे कागद तारखेप्रमाणे लावून शिवलेले होते, आणि शिवलेली फाइल उसवायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून त्यांनी ती अख्खी दिली. दुसऱ्या कुणीही नको तो कागद फाडून चुलीत घातला असता. आमच्या माणसांना ते जमत नाही.

खुणेच्या दोन पानांमध्ये बिनखुणेचं एक पान होतं. शिपाई वेंडेलिन श्ट्रोब्ल, वय एकवीस. तुकडीपासून बारा किलोमीटर मागे, रायफलीशिवाय आढळला. जखमी सहकाऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या गाडीपर्यंत पोचवलं, त्यासाठी रायफल टाकली, असं त्याचं म्हणणं. खातरजमा करण्यास वेळ नाही. शिक्षा मृत्यूची. अंमलबजावणी नऊ जुलै, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. खाली तीन सह्या, त्यातली एक ब्र्युकमान.

त्या दिवशी मी एक अक्षर टाइप केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि ते पान उघडून काउंटरवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं.

"हे टाइप करायचं नाही," ते म्हणाले. "खूण नाहीये."

"हा माझा भाऊ आहे."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मला नाव आठवत नाही, बाई. देवाशपथ. त्या आठवड्यात अशी बरीच होती. सगळेच पळत होते, कुठेतरी पाय रोवायला हवा होता."

"आणि पुस्तकात? धारातीर्थी पडलेले, बेपत्ता, कैदेत वारलेले. तीन याद्या आहेत. हा कुठे बसतो?"

"बेपत्तामध्ये. आम्ही सगळ्यांना तिथेच घातलंय. तुमच्याच भल्यासाठी. झाकली मूठ राहू द्या. पळपुट्याची आई म्हणून म्हातारीला गावात तोंड दाखवता येईल का?"

राग आला होता, पण खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. आठवडाभर मी मूग गिळून बसले. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईची आशा काढून घ्यायची आणि बदल्यात काय द्यायचं, तर हे? रविवारी आई जेवताना म्हणाली, "वेंडेलिन आला की त्याला ही वरची खोली देऊ." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. फाइल अजून माझ्याकडेच होती. मी ते पान उघडलं आणि सगळं वाचून दाखवलं, सह्यांसकट.

आईने काटा खाली ठेवला.

"किती वाजता म्हणालीस?"

"पाच दहा."

"पहाटे पाचला मी गोठ्यात असायचे," ती म्हणाली. "दूध काढत असणार. मला काहीच कळलं नाही गं."

मग ती रडली. मी पण रडले. तेरा वर्षांचं रडणं होतं, त्याला वेळ लागला.

डोळे पुसून तिने विचारलं, "तो जखमी कोण होता?"

"नाव नाही लिहिलेलं."

"जगला का?"

"आई, ते कसं कळणार?"

"म्हणजे त्यांनी विचारलंच नाही," ती म्हणाली. "पोरगं सांगत होतं आणि कुणी जाऊन बघितलं नाही. मग आपण विचारू."

मी बेपत्तांच्या यादीतून वेंडेलिनचं नाव काढलं. शेवटच्या पानावर चौथी यादी टाइप केली, 'आपल्याच हातून मारलेले', आणि खाली एकच नाव. मेजरसाहेबांनी ते पान परत पाठवलं, त्यावर पेन्सिलीची फुली होती. त्या वेळी सफरचंदं आली नाहीत. मीही मशीनवर झाकण घातलं आणि बाकीचं हस्तलिखित जसंच्या तसं त्यांच्या दारात नेऊन ठेवलं.

मे महिन्यात डिव्हिजनचा मेळावा भरला. चारशे माणसं आली. आईने काळा झगा घातला, माझ्याकडून खुर्ची उचलून घेतली आणि सभागृहाच्या दारात मधोमध मांडली. आत जायचं तर तिच्यासमोरूनच.

ती प्रत्येकाला एकच विचारायची. "चव्वेचाळीसच्या जुलैत तुम्हाला कुणी पाठीवरून गाडीपर्यंत नेलं होतं का? उंच पोरगा, वेंडेलिन श्ट्रोब्ल, रायफल नसलेला. त्याला त्यासाठी आपल्याच लोकांनी गोळी घातली. मी त्याची आई."

माणसं हॅट काढून उभी राहायची. कुणी मान हलवायचं, कुणी तिचा हात धरायचं. "सांगायला लाजू नका," ती म्हणायची, "मला फक्त तो जखमी बरा आहे ना, एवढंच बघायचंय." रांग जिन्यापर्यंत गेली. पुढचा मागच्याला सांगत होता, आणि वेंडेलिनचं नाव जिना उतरून रस्त्यावर पोचलं.

मग मेजरसाहेब आले. त्यांनीही हॅट काढली, ते आईसमोर थांबले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

आईने त्यांच्याकडे वर पाहिलं. आवाज जराही चढला नाही.

"तुम्हाला विचारायचं नाहीये," ती म्हणाली. "बाजूला व्हा, मागे माणसं खोळंबलीत."